सा कुठे आहे हे मशीनला कोण सांगणार?

फेब्रुवारी संपत आला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, नव्या भीमगीतांची लगीनघाई सुरू होते. मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर अशा तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्याच्या भिंतींना फोम चिकटवून केलेला स्टुडिओ असतो. तिथे तासावर पैसे मोजायचे, नाहीतर सरळ मोबाईलवर एखादे फुकटचे अॅप उघडायचे. पोराने चाल गुणगुणायची, सॉफ्टवेअरने तिची पट्टी ओळखायची आणि खाली चार कॉर्ड सुचवायच्या. पोरगा पहिल्याच सूचनेवर बोट ठेवतो, ढोलकीचा लूप लावतो आणि जयंतीच्या आत गाणे यूट्यूबवर जाते.

यावरून चळवळीत सध्या जी कुजबुज चालू आहे, ती आता उघडपणे बोलली पाहिजे. आपले काही ज्येष्ठ म्हणतात, या पोरांनी भीमगीत बाटवले. पोरे म्हणतात, तुम्हाला काय कळते, जमाना बदलला. आमचे भांडण दोघांशी आहे, पण दोघांशी सारखे नाही.

आधी ज्येष्ठांशी बोलतो, कारण त्यांचा शब्द आम्हाला जास्त टोचला. बाटवले! हा शब्द कोणाच्या घरचा आहे, याचा जरा विचार करा. पाणी बाटते, देऊळ बाटते, सावलीने माणूस बाटतो, असे सांगणाऱ्यांच्या कोशातला हा शब्द आहे. तो आपण आपल्याच पोरांच्या गाण्याला लावायचा? गाणे बिघडू शकते, पडू शकते, खोटे होऊ शकते. गाणे बाटत नाही.

आणि भीमगीत शुद्ध कधी होते? आंबेडकरी जलसा आला तो तमाशाच्या अंगाने. भीमराव कर्डक आणि त्यांच्या बरोबरीच्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला गणपतीचा गण काढला, गवळण काढली आणि त्या जागी बाबासाहेबांचा विचार घातला. त्याआधी सत्यशोधक जलशानेही हेच केले होते. साचा दुसऱ्याचा, आतला ऐवज आपला. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव गायले, ते कोणत्या घराण्याची तालीम घेऊन? चाल कव्वालीची असो, सिनेमाची असो की भजनाची, जी लोकांच्या तोंडात बसलेली होती तीत त्यांनी आपला शब्द बसवला. आपल्या विदर्भात-मराठवाड्यात रात्र-रात्र रंगणारा बुद्ध-भीम गीतांचा कव्वालीचा सामना घ्या. सुफी दर्ग्यातून निघालेला गानप्रकार बौद्धवाड्यातल्या मांडवात येऊन बसला आणि कोणाला परका वाटला नाही.

वाद्यांचे तर विचारूच नका. जयंतीच्या मिरवणुकीत जो बेंजो वाजतो, तो मूळचा जपानचा. १९१२ साली नागोया शहरात तयार झालेल्या तैशोगोतो नावाच्या वाद्याचा तो वंशज. (बुद्धाच्या देशातून आले म्हणून आपण ते घेतले नाही, आवाज मोठा आणि किंमत परवडणारी म्हणून घेतले.) पेटी युरोपातून आली. ज्येष्ठांनी ज्या कॅसिओवर आपापल्या तरुणपणी पार्ट्या केल्या, तोही परदेशीच. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, तेही काही इथल्या मातीतले वाद्य नव्हे.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या देशात संगीताचे काय केले, त्याचा इतिहास छापलेला आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. कारण दिले की पेटीत ठरलेले बाराच स्वर आहेत, त्यात मींड नाही, श्रुती नाही. ही बंदी १९७१ पर्यंत चालली. म्हणजे ज्या तीस वर्षांत जलशाची आणि भजनी मंडळाची सगळी भिस्त पेटीवर होती, त्याच तीस वर्षांत सरकारी रेडिओला पेटी चालत नव्हती. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी सिनेसंगीताला आकाशवाणीतून जवळजवळ हद्दपार केले. लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला, हा भाग वेगळा. स्वातंत्र्याच्या सुमारास गायिकांच्या ‘खासगी चारित्र्या’कडे बोट दाखवून कित्येक जणींना याच रेडिओची दारे बंद झाली. स्वराच्या शुद्धतेपासून सुरू झालेली गोष्ट माणसाच्या शुद्धतेपर्यंत कशी जाते, ते यात दिसते. ढोल, हलगी, सनई वाजवणे हे खालच्यांच्या वाट्याला टाकलेले काम आणि संगीत ही वरच्यांची विद्या, अशी वाटणी या समाजाने शेकडो वर्षे चालवली. त्या वाटणीतून सुटलेल्या माणसांनी शुद्धतेची काठी हातात घ्यावी, याचे आम्हाला वाईट वाटते.

यंत्राच्या प्रश्नावर तर बाबासाहेबांनी आपल्याला संदिग्ध ठेवलेलेच नाही. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात गांधीवादावरचे प्रकरण काढून वाचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्र माणसाला पशूसारख्या राबण्यातून सोडवते, त्याला फुरसत देते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना दिलेले हे उत्तर एकतारीकडे परत चला म्हणणाऱ्यांनाही लागू पडते.

तेव्हा सॉफ्टवेअर वापरायचे की नाही, हा वाद आमच्या लेखी संपला. देऊळगाव राजाच्या एखाद्या पोराकडे सात हजारांचा मोबाईल आहे, गिटारवाला नाही, अरेंजर नाही, मुंबईची ओळख नाही. त्याला चार कॉर्ड कोणी फुकट सुचवत असेल तर त्याने त्या जरूर ऐकाव्यात.

आता पोरांकडे वळतो. दादांनो, तायांनो, ऐकाव्यात असे आम्ही म्हटले. डोळे मिटून घ्याव्यात असे म्हटलेले नाही. जे यंत्र तुम्हाला सूचना देते ते ती कुठून काढते, हे तुमच्यापैकी किती जणांनी कधी विचारले?

कॉर्ड म्हणजे निदान तीन स्वर एकदम. सा, ग, प एकत्र दाबले की झाली कॉर्ड. त्यातला ग शुद्ध असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर. अशा कॉर्डची माळ गाण्याच्या खाली सरकत राहते, तिला प्रोग्रेशन म्हणतात. सूचना देणारे सॉफ्टवेअर दोन प्रश्न सोडवते. गाणाऱ्याचे स्वर कोणत्या कॉर्डशी जुळतात, हा पहिला. एका कॉर्डनंतर बहुतेक गाण्यांत कोणती कॉर्ड येते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुमच्या गळ्यातून येते. दुसऱ्याचे उत्तर येते यंत्राने आधी पचवलेल्या गाण्यांतून. ‘बहुतेक गाणी’ म्हणजे कोणाची गाणी, इथे खरी मेख आहे.

एक जुने आणि नीट नोंदलेले उदाहरण घेऊ. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने २००८ मध्ये ‘मायसाँग’ नावाचे सॉफ्टवेअर मांडले. पुढच्या वर्षी तेच ‘साँगस्मिथ’ या नावाने विकायला आले. माइकसमोर गा, ते खाली कॉर्ड लावून देते. त्याला शिकवले होते सुमारे तीनशे पाश्चात्त्य गाण्यांच्या सुरावटींवर: रॉक, पॉप, कंट्री, जॅझ. सगळी गाणी मेजर आणि मायनर या दोन डब्यांत भरलेली. वापरणाऱ्याच्या हातात एक पट्टी दिली होती, ती सरकवली की गाणे जास्त ‘आनंदी’, मागे ओढली की कमी. मग इंटरनेटवरच्या टारगटांनी नावाजलेल्या रॉक गाण्यांतला नुसता आवाज काढून या सॉफ्टवेअरला भरवला. राग ओकणारा, किंचाळणारा गायक वर आणि खाली हॉटेलच्या लॉबीत वाजावी तशी गोड-गोड पेटी. जग पोट धरून हसले. यंत्र नियमाने चुकले नव्हते. प्रत्येक कॉर्ड स्वराशी जुळत होती. पण गाणारा रागावलेला आहे, हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

ते रॉकवाले होते, त्यांच्यावर जग हसले आणि पुढे गेले. आपल्या गाण्याचे असे झाले तर कोणी हसतही नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटते गाणे असेच असेल.

नंतरची सॉफ्टवेअर जास्त हुशार आहेत हे मान्य. हजारो गाण्यांतून कोणत्या कॉर्डमागे कोणती कॉर्ड किती वेळा येते, त्याची टक्केवारी दाखवणाऱ्या सेवा आहेत, यूट्यूबवरच्या गाण्यातून कॉर्ड वेगळ्या काढून देणारी अॅप आहेत. पण ढाचा तोच आहे: जे जास्त वेळा झाले ते आधी सुचवायचे. बहुमताचा हा कारभार आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. गावात पंगत कशी बसते, पाणवठा कोणाचा, हेही ‘नेहमी असेच होत आले’ या एका वाक्यावर चालत होते.

आता भैरवी घ्या. शास्त्रीय मैफलीच्या शेवटी गातात तीच, आणि आपल्या कव्वाल्यांत, भजनांत, भीमगीतांत जिचे स्वर हरघडी भेटतात तीच. रे, ग, ध, नि कोमल, म शुद्ध. समजा सा धरला पांढरी एकवर. हे सात स्वर तुम्ही सॉफ्टवेअरला दिलेत की ते खुशीत सांगते, तुमचे गाणे एफ मायनरमध्ये आहे. किंवा ए फ्लॅट मेजरमध्ये. का? कारण हेच सात स्वर त्या दोन पट्ट्यांतही आहेत आणि यंत्राच्या ओळखीच्या गाण्यांत त्या पट्ट्या पदोपदी येतात, भैरवीचा सा क्वचित. एफ म्हणजे आपला म. यंत्राने आपल्या म ला सा ठरवले आणि आपला सा त्याच्या घरातला प झाला. स्वर एकही बदलला नाही, पण घर बदलले. शाहीर ओळ पुरी करून सावर येऊन उभा राहतो, आपले सांगणे संपले म्हणून पाय रोवतो, आणि खालची कॉर्ड कानाला सांगते की हा माणूस अजून वाटेत आहे, घर पलीकडे आहे.

दुसरे टोक घ्या. कमी स्वरांची चाल. आपल्या आयांच्या ओव्या, पाळणे, पुष्कळशी जुनी भीमगीते चार-पाच स्वरांत फिरतात. सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर असतील तर यंत्राला तीन घरे दिसतात, कारण हे पाच स्वर साच्या, मच्या आणि पच्या अशा तिन्ही मेजर पट्ट्यांत बसतात. मायनर वेगळ्याच. मग ते अंदाज करते, आणि अंदाज करून झाला की आपल्याकडे नसलेले दोन स्वर आपल्या पदरचे घालते. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ साली जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या आहेत, त्या काढून ऐका. तिथे सा कुठे आहे याची कोणाला शंका येत नाही. एकतारी, तुणतुणे, तंबोरा हे सगळे त्याच कामाचे. सा सतत कानाशी ठेवायचा, म्हणजे बाकीचा प्रत्येक स्वर घरापासून किती लांब आहे हे गाणाऱ्यालाही कळते, ऐकणाऱ्यालाही. कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या आणि मोबाईलवरून घराघरांत पोचल्या. पाठीमागे वाद्यमेळ नव्हता म्हणून कोणी त्यांचे गाणे अर्ध्यावर बंद केले नाही.

कोणी म्हणेल, डब्यात भरणे हे काय यंत्रानेच केले का? भातखंड्यांनीही उस्तादांकडून बंदिशी गोळा करून दहा थाटांच्या कप्प्यांत राग लावलेच की. लावले. त्यावरही वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. दहा कप्प्यांवर भांडण होते, मग दोन कप्प्यांवर आपण गप्प का?

गप्प बसण्याने नुकसान काय होते, ते रमाईच्या गाण्यांत पाहा. आमचा या लेखातला सगळा राग खरे तर इथून आला आहे. रमाईवरचे गाणे केले की सॉफ्टवेअरमध्ये ‘सॅड’ हा पर्याय निवडला जातो. शब्दांत गोवऱ्या आहेत, काटकसर आहे, लेकरांची मरणे आहेत, म्हणजे गाणे दुःखी. मग मायनर कॉर्ड, खाली व्हायोलिनचा पूर, मागे पावसाचा आवाज. ऐकणारा डोळे पुसतो. पण त्या शब्दांत फक्त दुःख होते का? रमाईने संसार पेलला तो एका निश्चयाने, आणि जुन्या बायका रमाई गातात तेव्हा त्यांच्या गळ्यात तो निश्चय असतो, कधी तर चक्क अभिमान असतो. कोमल ग म्हणजे रडणे, हा अर्थ आपल्या गाण्यात कधीच नव्हता. कोमल स्वरांत आपल्याकडे सवाल टाकला जातो, प्रतिस्पर्ध्याला टोला हाणला जातो, पाळणा म्हटला जातो. कोमल ग म्हणजे उदास ही तिकडची वहिवाट आहे. ती त्या सॉफ्टवेअरच्या मेनूत शिरली आणि मेनूतून आपल्या रमाईवर आली. एक कर्तबगार बाई बघता-बघता दया करण्याची वस्तू झाली. हे काम मनुवाद्यांनी केले असते तर आपण मोर्चा काढला असता. ते एका ड्रॉपडाउनने केले आणि आपण लाईक केले.

कॉर्ड ही सजावट नव्हे. ती शब्दाचा अर्थ ठरवते. एकाच ओळीखाली एक कॉर्ड ठेवली तर ती विनवणी होते, दुसरी ठेवली तर इशारा होतो. चळवळीचे गाणे करणाऱ्याने हा निर्णय दुसऱ्याच्या हाती देऊ नये, मग तो दुसरा माणूस असो, कंपनी असो की टक्केवारी.

साथ आणि ट्रॅक यांतला फरकही इथेच सांगून टाकतो. पेटीला सुद्धा बाराच स्वर होते. मग पेटीने आपले गाणे का बिघडवले नाही? कारण पेटीवाला ऐकत होता. शाहिराने ओळ लांबवली की तो थांबायचा, शाहिराने पट्टी चढवली की तो धावायचा. साथ या शब्दाचाच अर्थ बरोबर चालणे. ट्रॅक कोणाच्या बरोबर चालत नाही, गाणाऱ्यानेच त्याच्या मागे जायचे. कव्वालीच्या सामन्यात गाणारा मध्येच ताल सोडून एक शेर टाकतो, समोरच्या पार्टीकडे हात करतो, लोकांतून आवाज येतो, त्यावर जागच्या जागी उत्तर रचतो आणि मग ढोलकी समेवर घेतो. हे आठ मात्रांच्या चौकटीत आधीच कापून ठेवलेल्या ट्रॅकवर करून दाखवा! म्हणून पुष्कळ तरुण गायक आता स्टेजवर सवाल-जवाब करतच नाहीत. त्यांना जमत नाही असे नव्हे, ट्रॅक थांबत नाही. मांडवातल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे गाणे गेले, तर प्रबोधनातले काय उरले?

यावर उत्तर ठरलेले असते: लोकांना हेच आवडते, व्ह्यूज बघा. व्ह्यूजला आम्ही तुच्छ लेखत नाही. जलसाही गर्दीसाठीच होता. जलशाची ताकद बाबासाहेब स्वतःच्या भाषणांच्या वर मानत, असे चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, ते गर्दीच्याच जोरावर. पण चिखलीचे गाणे, नांदुऱ्याचे गाणे आणि नागपूरचे गाणे, तिन्हींच्या खाली त्याच चार कॉर्ड त्याच क्रमाने असतील, तर ऐकणाऱ्याला तुमचे गाणे तिसऱ्या दिवशी आठवणार कशावरून? बाजाराच्या हिशेबानेही हा तोट्याचा धंदा आहे.

आता तर शब्दांसकट अख्खे गाणेच यंत्राकडून मागवण्याची सोय झाली आहे. दोन ओळी टाइप केल्या की भीमगीत हजर, गळ्यासकट. त्यावर इथे फार लिहीत नाही. ज्याला बाबासाहेबांविषयी स्वतःला काही सांगायचे नाही, त्याला गाणे करायला कोणी सक्ती केलेली नाही.

मग करायचे काय? आम्ही समाजशास्त्र शिकलो, संगीत विशारद नाही, पण ज्यांच्याबरोबर गावोगाव काम करतो त्या कलावंतांशी बोलून काही गोष्टी हाताशी आल्या आहेत. सॉफ्टवेअर उघडण्याआधी तंबोऱ्याचे अॅप लावा, तेही फुकट मिळते. आपला सा शोधा आणि त्यावर पूर्ण गाणे एकदा गा. मग सॉफ्टवेअरमध्ये पट्टी ओळखण्याचे बटण बंद करून सा आपल्या हाताने भरा. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये मेजर-मायनरच्या खाली दडलेल्या यादीत ‘फ्रिजियन’ नावाची पट्टी असते, तिचे सात स्वर म्हणजे आपल्या भैरवी थाटाचेच स्वर. ती निवडली की सूचना एकदम वेगळ्या येऊ लागतात. सुचलेली कॉर्ड ठेवण्याआधी त्या ओळीचा शब्द मोठ्याने म्हणून पाहा आणि शब्द काय म्हणतोय आणि कॉर्ड काय म्हणतेय, हे दोन्ही कानांनी तपासा. जुळले नाही तर खोडा. प्रत्येक ओळीला कॉर्ड बदललीच पाहिजे असा कायदा नाही.

आणि एक युक्ती, जी गिटारवाल्या रॉकच्या पोरांना ठाऊक आहे. पॉवर कॉर्ड. तीत ग नसतोच, फक्त सा आणि प. त्यामुळे ती मेजरही नाही, मायनरही नाही, हसू की रडू हे ती ठरवत नाही, ठरवणे गळ्यावर सोडते. सा आणि प! आपला तंबोरा दुसरे काय म्हणतो? जी गोष्ट शाहिराच्या मागे उभा राहून तुणतुणेवाला आयुष्यभर करत आला, तिच्यासाठी जगातल्या सर्वात दणदणीत संगीताला वेगळे नाव द्यावे लागले. डीजेवर वाजवायचे आहे ना? हीच वाजवा, छाती हादरेल आणि शब्दही शाबूत राहील. तिच्यावर झीलकऱ्यांचा आवाज चढवा. चार माणसांनी खालून ‘जी जी’ धरणे ही आपली हार्मनी. ती लूपमध्ये मिळत नाही, त्यासाठी गल्लीतली चार माणसे बोलवावी लागतात. बोलवा. तेवढीच बैठक होईल.

पण ही सगळी झाली मलमपट्टी. पोरगा पहिल्या सूचनेवर बोट ठेवतो तो आळशी म्हणून नव्हे. दुसरी सूचना आणि पहिली यांतला फरक ऐकायला त्याला कोणी शिकवलेलेच नाही. ज्या घरात आजोबा गायक, आत्या विशारद, भिंतीला तंबोरा टेकलेला, त्या घरचा पोरगा सॉफ्टवेअरची सूचना ऐकून नाक मुरडू शकतो. बूर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला सांस्कृतिक भांडवल म्हटले आहे, आपण त्याला वाडवडिलांची इस्टेट म्हणू. ती आपल्याकडे नाही, आणि सॉफ्टवेअर ती देत नाही. ते फक्त नसल्याचे झाकून टाकते. यंत्राने आपला वेळ वाचवला असेल तर तो वेळ शिकण्यात घालवायचा, की त्या वेळात आणखी एक तसेच गाणे करायचे? बाबासाहेब फुरसत म्हणाले होते ती कशासाठी?

म्हणून आमची मागणी मंडळांकडे आहे. वर्षावासात तीन महिने विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. त्याच तीन महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ स्वरांची शिकवणी घ्या. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याला एखादा म्हातारा पेटीवाला, एखादा ढोलकीपटू, एखादी ओव्या गाणारी आजी अजून आहे. त्यांना मानधन द्या, नुसता हार आणि शाल नको. त्यांच्या शेजारी लॅपटॉपवाल्या पोराला बसवा. त्याने त्यांना सॉफ्टवेअर काय म्हणते ते ऐकवावे, त्यांनी त्याला ते कुठे खोटे बोलते ते सांगावे. भांडण होईल. होऊ द्या. आम्हाला तर वाटते, आपल्या गाण्याची पुढची चाल त्या भांडणातूनच निघेल. सॉफ्टवेअर लिहिणारी पोरेही आता आपल्यात आहेत, पुण्यात आणि बंगळुरूला नोकऱ्या करतात. भैरवीला भैरवी म्हणून ओळखणारे आणि एकतारीवरच्या चालीला हात न लावणारे साधन आपल्याच एखाद्या पोराने का लिहू नये? त्याला लागतील ती गाणी, स्वच्छ नोंदवलेली, सा सकट.

ती नोंद आजच सुरू करता येते, पैसेही लागत नाहीत. यंदा स्टुडिओत जाल तेव्हा दोन फायली मागून घ्या. एक नेहमीची, डीजेची. दुसरी फक्त आवाज, ढोलकी आणि एकतारीची, कॉर्डशिवाय. दुसऱ्या फाईलच्या नावात कवीचे नाव, चाल कोणाची, गाव, तारीख आणि सा कोणत्या पट्टीत, एवढे लिहा. कवीचे नाव ठाऊक असताना ‘पारंपरिक’ असे लिहू नका. ती फाईल विहाराच्या पेन ड्राइव्हमध्ये ठेवा आणि तिची एक प्रत दुसऱ्या गावच्या विहारात द्या.